एका कांद्याची साल, एकोणीस बादल्या

मंडळी, सकाळपासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय, म्हणून इथं लिहितेय.

आमच्या गावच्या कचरागाडीवर मी देखरेखीला आहे. आज पहिल्यांदाच शेवटच्या गल्लीत गेले. सगळी गल्ली ऊसतोडीला गेलेली. एकोणीस घरांना कुलपं. कुत्रंसुद्धा नाही.

तरी त्या एकोणीस दारांत ओल्या कचऱ्याच्या हिरव्या बादल्या मांडलेल्या. प्रत्येकीत कांद्याच्या सालीचा एकच तुकडा. ताजा.

"रोज असंच असतंय, मॅडम," ड्रायव्हर म्हणाला. तो खाली उतरायलाच तयार होईना.

तेवढ्यात टोकाच्या, कुलूप नसलेल्या विसाव्या घराची कडी वाजली. बाहेर आले सोपाननाना. गुडघा गेला म्हणून यंदा टोळीनं त्यांना मागंच ठेवलंय.

"नाना, हे तुमी करता? कावून?"

"कचरा दिसला न्हाई तर गाडीवाले गल्ली रिकामी हाय म्हणून लिव्हतेत. मग पाण्याचा टँकर इकडं वळत न्हाई. माझ्या एकट्यासाठी कोण यील, बाई?"

मला हायसं वाटलं. एवढंच होतं तर!

गाडी वळली आणि मागून नानांचा आवाज आला. ते एकेका कुलपापाशी थांबून सांगत होते, "सुमन, बादली आत घे गं." "बबन, गाडी गेली बे, ऊठ."

प्रत्येक दाराशी ते जरा थांबायचे. आतलं काहीतरी ऐकायचे. मग मान डोलवून पुढं जायचे. एका दाराशी तर हसलेसुद्धा.

उद्या मला रिकाम्या घरांची यादी द्यायचीय. तुम्ही माझ्या जागी असता, तर त्यात किती घरं लिहिली असती?