कार्डांच्या मागच्या बाजूला

सुमनताई गेल्याचं मला संस्थेच्या छापील पत्रातून कळलं. पहिल्या परिच्छेदात त्यांचं निधन, दुसऱ्यात त्यांच्या नावानं उभारायचा निधी, आणि खाली बँकेचा खातेक्रमांक. ज्या बाईला यांनी अपमान करून घालवलं, तिचा फोटोही यांनी कोपऱ्यात छापला होता. पत्र येऊन दीड महिना झाला. राग उतरला की लिहू, असं ठरवलं होतं... उतरला नाही.

घोडेगावात या संस्थेचं वसतिगृह होतं. आहुप्याकडच्या डोंगरवाड्यांतल्या मुली तिथं राहून शाळा शिकत, आणि ते चालायचं आसपासच्या लोकांच्या देणग्यांवर. सुमनताई तिथल्या कारकून. मी वडिलांच्या युनियनची पत्रकं वाचत वाढलेला, पुढं स्वतःही पत्रकं लिहिणारा, भिंतींवर घोषणा रंगवणारा. देणगी म्हणजे बागायतदारांनी फेकलेली भीक, हे माझं बाविसाव्या वर्षीचं ठाम मत. तरी पगारासाठी मी तिथंच कॉम्प्युटरवर बसायला लागलो. "काय पुढारी," ताई म्हणायच्या, "तुझी पत्रकं साऱ्या जगाला उद्देशून! कुणा एकाच्या दारात गेलायस का कधी?" त्या जायच्या. एसटीनं, मिळेल त्या जीपनं, पायी. प्रत्येक देणगीदाराचं त्यांच्याकडं एक जाड कार्ड होतं. पुढं शाईनं नाव-पत्ता, मागं पेन्सिलीनं एकदोन ओळी. 'सुनेचं ऑपरेशन झालंय, यंदा मागू नये.' 'भावकीत वाद, दिवाळीनंतर बघू.' ओतूरजवळच्या दगडूभाऊंच्या कार्डामागं होतं, 'एकुलती लेक मंदा गेली. देणगीचा विषय काढू नये. नुसतं भेटून यावं.'

नव्वदचं दशक संपता संपता सचिवांनी पुण्याहून एक सल्लागार आणला. नवे देणगीदार शोधत हिंडायला नको, म्हणाला. मोठी रक्कम देऊ शकतील अशी माणसं तुमच्या जुन्या यादीतच आहेत, फक्त निवडून काढायची. त्यानं माझ्याकडून सगळी कार्डं कॉम्प्युटरवर चढवून घेतली, मागच्या ओळींसकट. त्यांच्यासाठी 'शेरा' नावाचा रकाना केला. ताई तेव्हा रजेवर होत्या. मी त्यांना विचारलं नाही. मग ज्यांची जमीन बरी आहे आणि ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय, अशी नावं त्यानं वेगळी केली. "दुःखात माणूस हात आखडत नाही," तो चहा पिता पिता म्हणाला, आणि सचिवांनी मान डोलावली. ज्यांच्याकडं मागू नये म्हणून ताईंनी लिहून ठेवलं होतं, नेमक्या त्यांच्याकडंच मागायचं ठरलं. पत्रं मी छापली.

पंधरा दिवसांनी दगडूभाऊ ऑफिसात आले. हातात पत्र, 'आपल्या कै. मंदाच्या स्मरणार्थ एका मुलीचा खर्च उचला.' चप्पल न काढता ते थेट ताईंच्या टेबलापाशी गेले.

"ताई, हे मी तुमाला सांगितलं व्हतं. कागदाला न्हाई."

"भाऊ, बसा जरा..."

"बसायला न्हाई आलो. माज्या पोरीचं नाव कुनाकुनाला वाटलं, तेवढं सांगा."

मी समोरच होतो. ताईंनी माझ्याकडं बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. त्या म्हणाल्या, "चूक माझी. मी लिहायलाच नको होतं." दगडूभाऊ गेले आणि ताई खोडरबर घेऊन बसल्या. एकेक कार्ड उलटं करून ते कोरं करत राहिल्या, सलग तीन दिवस. "ही संस्थेची मालमत्ता आहे!" सचिव ओरडले. "मालमत्ता पुढच्या बाजूला आहे, साहेब. ती ठेवा," ताई म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, "तुझ्या मशिनीतलंही पुसून टाक रे." मी म्हणालो, सचिवांची परवानगी लागेल. भिंती रंगवून लोकांना बंड करायला सांगणारा मी! महिन्याभरात ताईंना घरी बसवलं. रकाना तसाच राहिला. पुढं मीही नोकरी सोडली आणि संस्थेविरुद्ध एक जळजळीत पत्रक काढलं. त्यात सगळ्यांची पापं होती, माझं सोडून.

गेल्या रविवारी दगडूभाऊंकडं गेलो. ओसरीवर बसून ते बियाण्याचा लसूण फोडत होते. ताई गेल्याचं त्यांना माहीत होतं. निधीचं पत्र त्यांनाही आलं होतं.

"दर साली यायची," ते म्हणाले. "नोकरी गेली तरी. मागायची काय बी न्हाई. मंदाचंच बोलत बसायची. घरातली मानसं बी आता तिचं नाव काढत न्हाईत... तुमी कोन, पावणं?"

"मंदाच्या नावाचं ते पत्र... मी छापलं होतं."

त्यांचे हात थांबले. मग अंगणाच्या टोकाला, उन्हात पडलेल्या एका दगडाकडं त्यांनी हनुवटीनं खूण केली.

"त्या पत्रानंतर पयल्यांदा आली, तवा तितं बसली व्हती. सांजच्यापातुर. मी पानी बी इचारलं न्हाई."

मी उठलो आणि त्या दगडावर जाऊन बसलो.