सुलट बाजू खाली

रविवारी दादरच्या वर्गात खेळण्यातली गाडी धावली, तर गुणाजीला तिथे शिकवायचं काम मिळणार होतं. नाही धावली, तर मेव्हण्याने, दत्तारामाने आणलेली नोकरी होतीच: परळच्या नव्या मॉलवर वॉचमन. मॉल गुणाजीच्याच गिरणीच्या जागेवर उभा होता. संपात ज्या फाटकासमोर तो घसा फुटेस्तोवर ओरडला, ते फाटक मालकांनी शोभेला तसंच ठेवलं होतं.

"त्या फाटकावर उभो रवाचंय नाय मी," तो बायकोला म्हणाला होता.

"मगे खंय उभे रवतलात?" रखमाने विचारलं. "गिरगावचा दुकान पण बंद झाला."

संपानंतर गिरणीत साच्यावर कापड विणणारा गुणाजी गिरगावातल्या दुकानात रेडिओ उघडायला शिकला, मग टीव्ही. आता लोक बिघडलेली वस्तू दुरुस्त करत नाहीत, टाकून देतात. दादरला शरच्चंद्र सर मुलांना खेळण्यातल्या गाड्या काळ्या रेषेवरून आपोआप चालवायला शिकवत. बाजारातला तयार बोर्ड गाडीवर मावत नसे. "काडेपेटीएवढा बोर्ड करून दाखवा," असं म्हणून सरांनी त्याला एक चिप दिली होती. गाडीला काय करायचं ते त्या चिपमध्ये आधीच भरलेलं होतं.

गुणाजीने बोर्डाचा नकाशा हाताने काढला, गुळगुळीत कागदावर झेरॉक्स केली, ती इस्त्रीने तांब्याच्या पत्र्यावर दाबून शाई उतरवली. शाईखालचं तांबं राहिलं, बाकीचं फेरिकच्या तेजाबी पाण्याने खाल्लं. सगळं जोडून शनिवारी संध्याकाळी तो चिप खाचेत बसवायला गेला आणि थबकला. डावीकडचे पाय उजवीकडे जात होते.

साच्यावर कित्येकदा कापडाची सुलट बाजू खाली असते. विणकर वरून उलट बाजू बघतो आणि मनात सुलट जुळवतो. गुणाजीच्या हाताने तसंच केलं होतं. नकाशा खालून दिसेल तसा काढून ठेवला होता, आणि इस्त्रीने तो पुन्हा उलटा केला.

दुसरा पत्रा नव्हता. जाईपर्यंत दुकानंही बंद झाली असती. ट्रान्झिस्टर फिरवून लावता आले. चिप मात्र उताणी घालावी लागणार होती, तिचे पाय मागे वाकवून. वाकवताना पहिलाच पाय तुटला.

"काय झाला?" रखमाने शेगडीजवळून विचारलं.

तो तुटलेल्या पायापाशी ब्लेडने चिपचं काळं अंग खरवडत राहिला. आत धातूचा ठिपका चकाकला तेव्हा त्यावर केसाएवढी तार डागली. बॅटरी लावल्यावर दिवा लुकलुकला. चिप चालत होती.

रविवारी वर्गात पालकांची गर्दी होती.

"काका, झुरळ मेलंय!" उताणी चिप बघून एक मुलगी ओरडली. सगळे हसले. गुणाजीही हसला.

गाडी रेषेवरून सुरेख निघाली. सरांनी मान डोलावली. वळणावर हिसका बसला, तार सुटली, गाडी थांबली. गुणाजीने ती बोटाने ढकलून पाहिली.

"सर, दुसरी चिप द्या. चूक कळलीय मला. पुढच्या रविवारी—"

"गुणाजी, पालक बघतायत हो." सर हळू आवाजात बोलत होते. "मोठी गाडी घेऊन तयार बोर्डच बसवतो. पुढच्या बॅचला बघू."

लालबागला घरी पोचेपर्यंत बोर्ड त्याच्या मुठीत होता. चिपचे वाकवलेले पाय तळव्यात रुतले होते. रखमाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

"दत्तारामाक सांग," तो म्हणाला. "रातपाळी असली तर येतंय."

"रातपाळी कित्याक?"

"काळोखात फाटक दिसाचा नाय."

"थंय रातभर दिवे असतत," रखमा म्हणाली.