मॅडमची खुर्ची

आमची अंगणवाडी आगरदांड्याच्या रस्त्याला आहे. तिथे प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या. एक माझी, दुसरी तपासणीला येणाऱ्या मॅडमची. त्या खुर्चीत कोणी बसलं की हाताची घडी, तोंडावर बोट, हे पोरांना मीच घोकून घोकून शिकवलेलं.

मागच्या वर्षी सुपारीच्या वाडीत कामाला जाणारी एक बाई आपल्या चार वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन आली. मुलीच्या पायांत जन्मापासून बळ नव्हतं. आठवडाभर ठेवून बघते, आई म्हणाली. इथेही एकटीच बसणार असेल तर घरी आजीजवळ बसलेली काय वाईट?

मी म्हटलं, बिनघोर जा. प्रशिक्षणात मी पहिल्या रांगेत बसून 'सर्व मुले एकत्र' या वाक्याखाली दोनदा रेघ मारली होती. मला कोण शिकवणार? जमिनीला ओल होती म्हणून मी मुलीला थेट मॅडमच्या खुर्चीत बसवलं, पाठीला उशी दिली.

चार दिवस वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. पोरं किती समजूतदार झाली, असं मी मदतनीस ताईंना तीनदा ऐकवलं. खिचडीसुद्धा खाली मान घालून खात होती. खुर्चीतली मुलगी मात्र रोज जास्तच मलूल दिसायची. लाजत असेल, असं मी ठरवून टाकलं.

शुक्रवारी एका चिमुरडीने माझा पदर ओढला आणि हळूच विचारलं, "बाई, ह्या मॅडम घरी कवा जानार?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन चटया एकावर एक अंथरल्या, मुलीला भिंतीला टेकवून पोरांत बसवलं आणि समोर भातुकली ओतली. अर्ध्या तासात लाल कढईवरून तिची आणि त्या चिमुरडीची जुंपली. मी सोडवेपर्यंत हिच्या गालावर ओरखडा उमटला होता.

दुपारी आई आली आणि गाल बघून थबकली. संपलं, आता ही पोरीला नेणार, असं मला वाटलं. कोणी केलं, तिने लेकीला विचारलं. लेकीने चिमुरडीकडे बोट दाखवलं आणि मान ताठ करून म्हणाली, "मीपन तिचं केस वढलं."

आई तिथेच चटईवर बसली. मी माफी मागायला लागले, तर तिने हातानेच मला थांबवलं.

"घरात हिला समदी जपतान, बाई. भांडाया कोन व्हतं हिला?" तिने डोळे पुसले. "उद्या जरा लवकर आनते."