राखून ठेवलेलं काम

तीन आठवडे आजींनी मुद्दाम आळस केला. जिने उभ्या आयुष्यात आजचं काम उद्यावर ढकललं नाही, तिला आळस करणं किती जड जातं ते तिलाच ठाऊक. टोमॅटो पिकून लालबुंद झाले, तोडले नाहीत. शेंगांच्या वाफ्यात तण माजलं, उपटलं नाही. पाच कुंड्या रंगवायच्या होत्या. रंगाचा डबा आणि ब्रश आणून ठेवले, पण झाकण उघडलं नाही. कुत्र्याची अंघोळसुद्धा राहू दिली.

रविवारी मुलगा, सून आणि दोन्ही नातवंडं येणार होती. सगळ्या उन्हाळ्याच्या सुट्टीतला तेवढा एकच दिवस आजींच्या वाट्याला आला होता, आणि तो अख्खा हवा होता. त्यांचा अनुभव असा, की माणसांना गप्पा मारायला बसवलं तर अर्ध्या तासात घड्याळाकडे बघायला लागतात. तेच हातात खुरपं दिलं तर संध्याकाळ कधी झाली कळत नाही. मुलाला लहानपणी तण उपटायचं भारी वेड, म्हणून तण त्याच्यासाठी. टोमॅटो नातीसाठी, कुत्रा नातवासाठी. सुनेची चित्रकला चांगली असं लग्न ठरताना कुणीतरी सांगितलं होतं. ते खरं-खोटं देव जाणे, पण कुंड्या तिच्या.

आजींनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी केली. दिवसभर कानात परक्यांची बडबड. घरी आल्या की म्हणायच्या, आता तासभर माझ्याशी कुणी बोलू नका. कुणीतरी ते फारच मनावर घेतलं असावं. नवरा गेला, मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला, शेजारच्या घराला कुलूप लागलं. आता बोलायला दोघंच. एक फाटकापाशी बसून दिवसभर घोरणारा म्हातारा कुत्रा, त्याचं नाव हवालदार. दुसरा फक्त जेवायच्या वेळी उगवून ताटलीला नाक मुरडणारा बोका, त्याचं नाव जावईबापू. आजी दोघांनाही रोज सकाळी हवापाण्यापासून गुडघेदुखीपर्यंत सगळं सांगत. हवालदार निदान शेपटी तरी हलवायचा.

दहाला येतो म्हणालेली मंडळी साडेअकराला आली. आजी आठपासून व्हरांड्यात. टेबलावर चार टोप्या, तीन खुरपी, एक टोपली, अंघोळीचा साबण आणि झाकून ठेवलेलं लिंबाचं सरबत.

मुलगा फाटकातच थांबला. तण गुडघ्याला लागत होतं. उन्हाने टोमॅटो तडकले होते, निम्मे खाली पडून त्यांवर माश्या घोंघावत होत्या. हवालदाराने प्रेमाने सुनेच्या पायाला अंग घासलं आणि तिने नाकाला रुमाल लावला. मुलाने सुनेकडे पाहिलं, सुनेने मुलाकडे. दोघांपैकी कुणी काही बोललं नाही, पण आजींना सगळं ऐकू आलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"आई, तुला आता झेपत नाहीये हे," मुलगा म्हणाला.

आजी म्हणाल्या, झेपतं की, जरा राहिलं एवढंच. का राहिलं ते सांगायला मात्र जीभ उचलेना. तुमच्यासाठी राखून ठेवलं म्हणावं, तर तो विचारणार, कशाला? आणि त्याचं उत्तर द्यायला लागलं तर आपल्याला रडू फुटेल, हे त्या जाणून होत्या. भेटायला या म्हणून ज्या बाईने कधी कुणाला गळ घातली नाही, तिने आता पोटच्या मुलाला तण दाखवून गळ घालायची? आजींनी सरबत ओतायला घेतलं.

मग त्यांना खुर्चीत बसवण्यात आलं. हलायचं नाही, अशी ताकीद मिळाली. नातीने टोपली उचलली, तर सुनेने किडकं नको म्हणून ती खाली ठेवायला लावली. नातवाने साबण घेतला, तर मुलगा म्हणाला, राहू दे, म्हातारा जीव आहे, आधी डॉक्टरला दाखवू. सुनेने स्वयंपाकघर लखलखीत घासलं, ते आदल्या दिवशीच घासलेलं होतं. मुलगा अंगणात फेऱ्या मारत फोनवर कुणाकुणाशी बोलत राहिला. सगळं मायेपोटी चाललेलं, त्यामुळे आजींना धड रागावताही येईना. जावईबापू तेवढा नातवाच्या मांडीवर जाऊन पसरला, आणि आजींना त्या मेल्या बोक्याचा हेवा वाटला. घर माणसांनी भरलेलं होतं आणि त्यांना रोजच्यापेक्षा एकटं वाटत होतं.

चारला मंडळी निघाली. नातवंडं गाडीत बसली. मुलगा खुशीत होता, एकदाचं काम फत्ते झालं होतं. त्याने सांगितलं, एक माळी ठरवलाय, चांगला अनुभवी आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी येईल, बाग बघेल, कुत्र्यालाही फिरवून आणेल. आईने आता काडीलाही हात लावायचा नाही.

माझी बाग आणि परक्याचे हात? आजींच्या ओठांवर नकार तयार होता. तो त्यांनी गिळला.

"किती वेळ थांबतो तो?" त्यांनी विचारलं.

"दोन तास. का गं?"

"बोलका आहे का?"

मुलगा हसला. "आई, त्याला कामाला ठेवलंय. गप्पा मारायला नाही."

"काम मी करते रे," आजी म्हणाल्या. "तो नुसता बसला तरी चालेल."

मुलाने गाडीचं दार उघडलं होतं. ते तसंच धरून तो उभा राहिला.