यादीतून खोडलेलं नाव

"यंदा येऊ नकोस. आमच्याकडे नाताळ नाही," असं दादा फोनवर म्हणाला आणि मी त्याच संध्याकाळी बेंगळुरूचं तिकीट काढलं. मी तशीच आहे. तीस वर्षं दवाखान्यात वॉर्ड सांभाळला, त्यामुळे नको म्हणणाऱ्या माणसाला औषध पाजायची सवय हाताला लागली आहे. ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.

डिसेंबरात बेंगळुरूला जावं का, असं इथे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी विचारलं होतं. जरूर जावं. थंडी बेताची असते, सकाळी स्वेटर आणि दुपारी नुसती ओढणी पुरते. गाडी कुठली, खावं काय, तेही ओघात सांगते. पण यंदाची माझी फेरी सहलीची नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

माझा मोठा भाऊ शमुवेल हवाई दलातून निवृत्त होऊन बेंगळुरूच्या येलहंक्यात स्थायिक झालाय. मूल नाही. जूनमध्ये वहिनी, मंगल, गेली. अठरा दिवस दवाखान्यात होती आणि त्यातले शेवटचे नऊ दिवस शुद्धीवर नव्हती. वहिनी माझ्याच ओळखीतून घरात आली होती. नर्सिंगच्या वसतिगृहात तीन वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो आणि दादाचं स्थळ मीच तिला सुचवलं. या जुळवाजुळवीची फुशारकी मी चाळीस वर्षं मारली.

आम्ही मिरजेकडचे मराठी ख्रिस्ती. आमच्यात घरात मरण झालं की त्या वर्षी नाताळला कढई चढवत नाहीत, दारात चांदणी लावत नाहीत. फराळ नातेवाइकांनी आणायचा असतो. मी करंज्या, चकल्या, शंकरपाळे असं सगळं केलं. डबे भरताना लक्षात आलं की मी दहा माणसांचं केलंय आणि खाणारे दोघंच.

गाडी मिरजेहून दुपारी निघते आणि पहाटे यशवंतपूरला पोचवते. वातानुकूलित डब्याचं तिकीट अकराशेच्या आसपास पडतं, पण नाताळच्या आठवड्यात ते महिनाभर आधी काढा. मला कोट्यातून मिळालं, तेही वरच्या बर्थचं. माझ्या गुडघ्यांनी त्याबद्दल बराच निषेध नोंदवला. बेळगावला डब्यात कुंदा विकायला येतो, तो घ्यावा. यशवंतपूरला उतरल्यावर बाहेरचे रिक्षावाले येलहंक्याचे पाचशे सांगतात, मोबाइलवरून बोलावली की तीनशेत काम होतं.

दादाने दार उघडलं तेव्हा मी त्याच्याकडे भाऊ म्हणून बघायच्या आधी नर्स म्हणून बघितलं. वजन आठ-दहा किलोंनी उतरलं होतं. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल पडली होती. घर मात्र लख्ख होतं, वहिनी असताना कधीच इतकं आवरलेलं नसायचं. मला ते बघवेना, म्हणून मी लगेच पदर खोचला आणि डबे मांडायला लागले.

शेजारी सरोजाक्का राहतात. त्यांचं घराणं इथे कित्येक पिढ्यांचं, कापडाचं दुकान आहे. मराठी बोलतात, पण त्यात कन्नड कुठे मिसळतं ते त्यांनाही कळत नाही. रोज एक वेळचा डबा त्याच देतात. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुम्ही आलात बरं झालं बघा अक्का. अण्णा स्वल्पच जेवतात. काय दिलं तरी सरी, सरी म्हणतात, डबा तसाच परत येतो." सरी म्हणजे ठीक आहे. मी म्हटलं, आता मी आलेय, बघते. कमरेवर हात ठेवूनच म्हटलं असणार.

दुसऱ्या दिवशी दादाला बाजारात चल म्हटलं तर आला नाही. मी एकटी बसने शिवाजीनगरला गेले. कर्नाटकातल्या बायकांना बस फुकट आहे. कंडक्टरने माझं आधार कार्ड पाहिलं, त्यावर महाराष्ट्र वाचलं आणि मुकाट्याने तिकीट फाडलं. वहिनीने या फुकट प्रवासावर सगळं शहर पालथं घातलं होतं. काही काम नसताना इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत जाऊन, तिथल्या उड्डाणपुलाखाली भेळ खाऊन परत यायची आणि मला फोनवर हिशोब द्यायची, की आज सरकारला मी इतक्याला पडले. बसमध्ये ते आठवून मी हसले.

बाजार मात्र बघण्यासारखा असतो. कागदी चांदण्या दीडशेपासून, गव्हाणीची मातीची चित्रं, गुलाबाच्या आकाराची तळलेली बिस्किटं, आणि बेकऱ्यांसमोर मनुकांच्या केकसाठी रांगा. परतताना वाट वाकडी करून इंदिरानगरला उतरले. तिथे प्रत्येक हॉटेलात झाड, प्रत्येक झाडावर कापसाचा बर्फ. पूर्वी मी असं काही पाहिलं की कुरकुरायचे, की यांना कोणाचा जन्म ते तरी माहीत आहे का. यंदा वाटलं, माहीत नसलेलेच बरे आहेत, त्यांना नुसते दिवे बघता येतात.

संध्याकाळी मी दादाकडे विषय काढला. बेंगळुरूत आमची मराठी मंडळी, म्हणजे चर्चची सभा, जेमतेम चाळीस-पन्नास जणांची. कन्नड चर्चच्या मागच्या सभागृहात, त्यांची उपासना आटोपल्यावर आमची भरते. दादा तिथला जुना पंच, म्हणजे चर्चचा कारभार बघणारा. नाताळचा शास्त्रपाठ तीस वर्षं त्यानेच वाचला आणि उपकारस्तुतीची यादीही त्याच्याच अक्षरात असायची. ही यादी बाहेरच्यांना माहीत नसेल, म्हणून सांगते. ज्याला देवाचे आभार मानायचेत तो पाकिटात दान घालतो, वर नाव आणि कारण लिहितो: नवीन नोकरी, मुलीचं बाळंतपण, सुखरूप प्रवास. त्यावरून केलेली यादी पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, सगळ्यांसमोर वाचतात आणि प्रार्थना करतात. दुसरी यादी विनंत्यांची. त्यात आजारपणं, परीक्षा, अडलेली लग्नं असतात. जूनपासून दादा चर्चला गेलाच नव्हता.

तो म्हणाला, "देव आपल्याबरोबर राहायला आला, हाच ना नाताळ? तीस वर्षं मी हे उभं राहून वाचलं. त्या खोलीत नऊ दिवस मी होतो आणि ते मशीन होतं. तिसरं कोणी नव्हतं."

यावर गप्प बसायला हवं होतं. मी बोलले. चाळीस वर्षांचा संसार झाला, हे काय कमी आहे, कितीकांच्या नशिबी तेवढंही नसतं, असं जे जे मी वॉर्डात नातेवाइकांना ऐकवायचे ते सगळं त्याला ऐकवलं. शेवटी तो म्हणाला, येतो, मागच्या बाकावर बसेन, मला काही वाचायला लावू नका. मला वाटलं, औषध पोटात गेलं.

आता माझी चूक. चोवीस तारखेला त्याच्या कपाटात कोरी पाकिटं सापडली. मी एक घेतलं, त्यात दान घातलं, वर लिहिलं, "मंगल हिच्या आयुष्याबद्दल उपकारस्तुती," आणि खाली नाव घातलं शमुवेलचं. त्याला विचारलं नाही. वाटलं, नाव वाचलं जाईल, सगळे प्रार्थना करतील, त्याच्या आतलं काहीतरी सुटेल. खरं तर आभार मानलेल्या माणसासारखा तो मला दिसायला हवा होता, म्हणजे मला निश्चिंत मनाने मिरजेला जाता आलं असतं.

नाताळच्या दिवशी साडेअकराला पोचलो. सभागृहात पेटी, तबला, झांज. इलेक्ट्रॉनिक सिटीतून दोन-दोन बस बदलून आलेली तरुण मुलं, बेळगाव-निपाणीकडची कुटुंबं. लोक दादाचा हात हातात घेत होते आणि काय बोलावं न कळून हवापाण्याचं बोलत होते. गाणी भजनाच्या चालीवरची होती. मी जोरात गायले. दादा उभा राहिला, पण त्याचे ओठ मिटलेलेच होते.

पाळकसाहेब तरुण आहेत, सीमाभागातले, आठवडाभर एका कचेरीत नोकरी करतात. त्यांनी उपकारस्तुती वाचायला घेतली. नवीन घर. वाढदिवस. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. मग त्यांनी मी दिलेल्या पाकिटावरची ओळ वाचली.

दादा बाकाला धरून उठला. "थांबा साहेब. ते माझं नाही," तो म्हणाला. "मी आभार मानलेले नाहीत."

मी मान खाली घातली. चाळीस माणसांसमोर माझी चोरी पकडली गेली होती आणि तरी त्या क्षणी मला लाज माझीच वाटत होती, त्याचं दुःख दिसत नव्हतं.

पाळकांनी खिशातलं पेन काढलं. "सरी काका. खोडतो," म्हणाले आणि सगळ्यांसमोर यादीतली ती ओळ खोडली. मग विचारलं, "विनंतीत घेऊ?"

दादा उभाच होता. "घ्या."

"काय विनंती लिहू?"

"मागायचं काय, तेच सुचत नाही."

"मग नुसतं नाव घेतो," पाळक म्हणाले. आमच्या पंथात गेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं आणि दादाला तर त्यांच्याहून जास्त. त्यांनी डोळे मिटले आणि दोन नावं घेतली, शमुवेल आणि मंगल. पुढे एक शब्द बोलले नाहीत. मिनिट-दीड मिनिट तसंच गेलं असेल. दादाच्या रडण्याचा आवाज आला. जूननंतर पहिल्यांदाच, असं त्याने नंतर सांगितलं.

संदेशाला पाळकांनी लिहून आणलेला कागद घडी करून ठेवला. ते थोडंच बोलले. पहिल्या नाताळी कोणी आभार मानले नव्हते, म्हणाले. एक अवघडलेली मुलगी परक्या गावात जनावरांच्या गोठ्यात बाळंत झाली, जवळ आई नाही, सुईण नाही, आणि घाबरून गेलेला नवरा. देव आला तो त्या गोठ्यात आला, आणि कोणी तयार आहे का हे त्याने विचारलं नाही. एवढंच बोलून ते बसले. मी आयुष्यात शेकडो बाळंतपणं केली आहेत, पण त्या मुलीजवळ सुईण नव्हती हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

परतताना रिक्षा केली. हेब्बाळच्या पुलावर गाड्या अडकल्या तेव्हा दादा म्हणाला, "मला विचारायचं होतंस." मी म्हटलं, चुकलं माझं. मग त्याने रस्त्याकडे बघत विचारलं, "आल्यापासून तू माझंच बघतेयस. मंगल तुझी कोण होती?" हे काय विचारणं, असं काहीतरी मी पुटपुटले आणि रिक्षावाल्याला पुढचं वळण सांगत बसले. घरी गेल्यावर त्याने सरोजाक्कांकडे फराळाचं ताट दिलं, स्वतः अर्धी करंजी खाल्ली. त्याचं दुःख कमी झालंय असं मी म्हणणार नाही. तो चर्चला परत जाईल की नाही, तेही मला माहीत नाही.

परतीची गाडी सकाळी मिरजेत आली. आमच्याकडे प्रवासाहून आलं की पुढच्या रविवारी सुखरूप पोचल्याबद्दल उपकारस्तुती लिहायची रीत आहे. मी कधी चुकवलेली नाही. उपासनेआधी आमच्या पाळकबाई वही घेऊन दाराशी उभ्या होत्या; मला बघून त्यांनी न विचारताच माझं नाव लिहायला घेतलं. मी म्हटलं, उपकारस्तुतीत नको, विनंतीत घ्या. दादासाठी का, असं त्यांनी विचारलं.

सहा महिने मी गावभर सांगत होते, माझी वहिनी गेली, दादाचं फार अवघड झालंय. लोकांनी दादाची चौकशी केली आणि मी दादाची खबर दिली.

"नाही," मी म्हटलं. "माझ्यासाठी. माझी मैत्रीण गेली."

पाळकबाईंनी वही मिटली आणि मला बाकावर बसवलं. मग मला रडू आलं.