पिंपाला हात जोडणारी बाई

समोरच्या बाईला न विचारता तिचा हात आपल्या हातात घ्यायचा, तळवा वर करायचा, त्यावर बाटलीतला एक थेंब सोडायचा आणि म्हणायचं, "भिऊ नका वयनी, नारळाचं हाय." सांगली, कराड, सातारा, कुठल्याही बचत गटांच्या प्रदर्शनाला तुम्ही गेला असाल, तर तुमचाही हात तिने असाच धरला असेल. तुम्ही हँडवॉशची बाटली घेतली असेल किंवा 'जाताना घेते' म्हणून पुढे सटकला असाल. पण हात झटकून काढून घेतला नसेल. तिच्या हातात हात राहू द्यावासा वाटायचा.

माझा स्टॉल बहुतेक वेळा तिच्या शेजारी असायचा. शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी, काळा मसाला. तिच्या बादलीतलं पाणी माझ्या पाकिटांवर उडालं आणि आमची ओळख भांडणाने झाली. "तुमची धुणी तिकडं करा," मी म्हटलं. ती शांतपणे म्हणाली, "आवं ताई, पाणीच हाय. आणा हिकडं, हात बघू." तिखटाने भगभगणारे माझे दोन्ही हात तिने धुऊन दिले, वर पदराने पुसले. मी फणकाऱ्याने काहीतरी बोलले खरी, पण पुढच्या प्रदर्शनात तिच्याच शेजारची जागा मागून घेतली.

कुपवाडच्या एमआयडीसीत एका पत्र्याच्या शेडमध्ये ती कामाला होती तो कारखाना होता. कारखाना म्हणायचा एवढंच. चार-पाच बाया, एक मोठं ढवळायचं भांडं आणि बाटल्यांचा ढीग. मालक रसायनशास्त्र शिकलेला, गोड बोलणारा तरुण. शॅम्पू, हँडवॉश, भांड्यांचं लिक्विड असा त्याचा माल. त्यात घालायला निळ्या पिंपातून बेटेन नावाचं पिवळसर, पाकासारखं द्रव यायचं. ते खोबरेल तेलापासून तयार करतात, त्याने फेस मऊ येतो आणि डोळ्यांना झोंबत नाही, असं मालक सगळ्यांना सांगायचा. बाटलीवरही नारळाच्या झाडाखाली 'निसर्गाची माया' असं छापलेलं होतं. मायाबिया छापून घ्यायला काही लागत नाही.

एकदा रिकाम्या बरण्या घ्यायला मी सकाळीच तिकडे गेले होते. बघते तर ही पिंपासमोर उभी राहून हात जोडतेय. मग तिने झाकण उघडलं. बाकीच्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"आत देव बसलाय का काय?" मी विचारलं.

"नारळ हाय न्हवं," ती म्हणाली.

भिंतीला खिळ्यावर रबरी हातमोजे टांगलेले होते, कोरे करकरीत. ती ते घालत नसे. माल घट्ट झाला की नाही हे बघायला ती भांड्यात बोटं बुडवायची आणि पाकाची तार बघावी तशी दोन बोटांत तार ओढून बघायची. मालक अधूनमधून म्हणायचा, "मावशी, मोजे घाला." ती म्हणायची, "मोज्यातनं तार कळत न्हाई दादा." हे मालकाला सांगायचं कारण. खरं कारण मला खंडेनवमीला कळलं.

त्या दिवशी शेडमध्ये यंत्रांची पूजा झाली आणि मालकाची बायको कामावरच्या बायांच्या ओट्या भरू लागली. मलाही बोलावलं होतं. तांदूळ, खण, नारळ. हिची पाळी आली तसा त्या पोरीचा हात मध्येच थांबला. हिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. विधवांना मान द्यायचा म्हणून गावोगाव ठराव झाले, भाषणं झाली, टाळ्या पडल्या. नारळ मात्र ताटातच राहिला. "मावशी, तुम्हाला हे," म्हणत तिने शॅम्पूची बाटली पुढे केली. अगदी हसून, प्रेमाने केली. मला ती बाटली तिथल्या तिथे फोडावीशी वाटली.

हिने बाटली कपाळाला लावून घेतली. परतताना रिक्षात मी धुसफुसत होते, तर मलाच समजावू लागली. "मला कोण नारळ देतंय ताई? धा जणींच्या ओटीत एकेक पडतो. हितं आख्खं पिंप माज्या हाताखाली हाय. आता नारळाला मोजं घालून शिवायचं व्हय?"



पुढच्या पावसाळ्यात तिच्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. मग लाली आली, कातडी सुटली, भेगा पडल्या. भेगांतून रक्त यायचं. "पाण्यात हात असतोय सारका, त्येनं झालं," असं ती म्हणायची. मालकाने बघितलं आणि उपाय सांगितला, "घरचा साबण बंद करा मावशी. आपलाच हँडवॉश वापरा, सौम्य आहे." वर दोन बाटल्या फुकट दिल्या. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, आपल्या मालावर त्याचा विश्वास होता. आणि हिचा तर त्याहून जास्त. हात बरे व्हावेत म्हणून ती त्याच हँडवॉशने दिवसातून कितीदा तरी हात धुऊ लागली. केसांना शॅम्पूही तोच. जेवढं धुवावं तेवढं चिघळत गेलं. एका सकाळी तिच्या पापण्या सुजून डोळे उघडेनात, तेव्हा मी तिला ओढत मिरजेला नेलं.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी कारखान्यातल्या मालाचे नमुने मागवून घेतले आणि कशाची अ‍ॅलर्जी आहे ते बघायला निरनिराळ्या रसायनांच्या पट्ट्या तिच्या पाठीवर चिकटवल्या. पुढच्या खेपेला पट्ट्या काढल्या, तर बेटेनच्या जागी लालभडक चट्टा उठलेला. बाईंनी नीट समजावून सांगितलं. दोष नारळाचा नाही. तेलापासून हे द्रव करताना जी रसायनं लागतात, त्यांचा अंश मागे राहतो. बहुतेकांना काही होत नाही. हिला सोसत नाही, आणि आता कधीच सोसणार नाही. खोबरं खा, खोबरेल लावा, पण या द्रवाला हात लावायचा नाही, आणि ज्यात हे आहे असा कुठला शॅम्पूसुद्धा नको.

बाहेर आल्यावर ती औषधाच्या दुकानासमोरच्या कट्ट्यावर बसली. मी मलम घेऊन आले तरी उठेना.

"ताई, म्हंजे ते नारळ नव्हतंच का?"

"होता," मी म्हटलं. "पण ते करता करता त्याचा नारळ राहिला नाही."

"मग मी रोज कशाला हात जोडत व्हते?"

रस्त्याने रुग्णवाहिका गेली, लोक गेले. मी तिच्या खांद्यावरून हात फिरवत राहिले आणि मला त्या बाटलीवर माया छापणाऱ्याचा गळा धरावासा वाटत होता.

तिला काम सोडायचं नव्हतं. ती मालकाला म्हणाली, "मोजं घालते दादा. लेबलं लावते, खोकी भरते. पर परदर्शनाला न्या मला." तिला पगारापेक्षाही ते प्रदर्शन हवं होतं. कोण कुठल्या बाया, नटूनथटून आलेल्या, तिच्यापुढे हात करायच्या आणि ती तो धरायची. बाकी कुठल्याही समारंभात लोक तिला मागच्या रांगेत बसवायचे. मालक म्हणाला, "बघू." आपल्याकडे 'बघू' म्हणणारा माणूस सहसा बघत नाही.

साताऱ्याच्या प्रदर्शनाला तिला नेलं नाही. मी मालकाला गाठून विचारलं. तो खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, माणूस लाखमोलाचं आहे. पण तसले हात स्टॉलवर कसे दाखवणार? गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"हात कशाने झाले तसले?" मी आवाज चढवूनच विचारलं.

"हळू बोला की. लाखात एखाद्याला होतं. डॉक्टरांचं कुठं बोलू नका, एवढी विनंती आहे." आणि त्याने माझ्याकडून मसाल्याची पाकिटं विकत घेतली, घरात वर्षभर खाल्ला तरी संपणार नाही इतकी.

थोड्याच दिवसांत त्याने तिला कामावरूनच कमी केलं. कामावरून काढण्याला आपल्याकडे नारळ देणं म्हणतात. शेडमधल्या बाया तेच म्हणत होत्या. मला तो शब्द तोंडातून काढवला नाही. मालकाने तिला जाताना शॅम्पूचं एक खोकं भेट दिलं. होय, शॅम्पूचंच. तिनेही ते घेतलं, कारण देणाऱ्याचं मन मोडायचं तिला कधी जमलं नाही.

मग तिने दोन-तीन ठिकाणी स्वयंपाकाचं काम बघितलं. भेगाळलेल्या हातांच्या पोळ्या कोण खाणार? हात बघितले की बाया दारातूनच 'सांगते' म्हणायच्या. भांड्यांच्या साबणाने पुन्हा रक्त यायचं. शेवटी तिचा भाऊ तिला विट्याच्या बाजूला आपल्या घरी घेऊन गेला. जाताना माझ्याकडे आली, चटणीचं पाकीट पिशवीत ठेवून घेतलं आणि म्हणाली, "हात बरं झालं की येते." डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं ते तिलाही माहीत होतं आणि मलाही. मी म्हटलं, "ये."

तिला भावाकडे जाऊन वर्ष होत आलं. फोन लावला तर भावजय उचलते, "झोपल्यात" म्हणते.

परवा सांगलीच्या प्रदर्शनात तिच्या जागी एक नवी पोरगी उभी होती. लिपस्टिक लावलेली, लाजरी. गिऱ्हाइकाचा हात धरायचा तिला धीर होत नव्हता, नुसतीच बाटली पुढे करायची. बाया बघून पुढे जात होत्या. दुपारी मालक माझ्या स्टॉलवर आला. इकडचं तिकडचं बोलला, चटणी चाखली, वा म्हणाला.

"ताई, एक काम होतं," तो म्हणाला. "ही पोरगी काही उपयोगाची नाही. तुमच्या ओळखीत एखादी बाई बघा ना. बोलकी पाहिजे. आणि हात चांगले पाहिजेत."

मी पाकिटं लावत राहिले. तो तरी उभाच राहिला. मान वर करून बघितलं, तर त्याची नजर माझ्या हातांवर होती.