अकराव्या मिनिटाचा पाहुणा

प्रयोगशाळेत तिला सगळे खात्रीताई म्हणत, कारण "आधी खात्री करते" हे तिचं पालुपद होतं. मधमाश्यांना दिलेल्या औषधाचा अगदी सूक्ष्म अंश मधात उतरलाय का, हे ओळखायची पद्धत ती दीड वर्ष बसवत होती. मध म्हणजे महाबिलंदर पदार्थ. त्यातली साखर बाकी सगळ्यांना पोटात घेऊन बसते. घरी नवरा म्हणे, "अगं, भाजीत मीठ नाही हे तुला कळत नाही, आणि मधातलं औषध शोधतेस?"

साखर बाजूला काढून नमुना यंत्रात सोडला, की एकेक घटक ठरल्या वेळी बाहेर पडे आणि आलेखावर टोक उमटे. पण अकराव्या मिनिटाला जवळजवळ दर वेळी एक अनोळखी टोक यायचं.

विभागप्रमुख साहेबांना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. "नवीनच विष सापडलंय, ताई. आठवड्याने समितीपुढे मांडतो."

"आधी खात्री करते, साहेब."

"तुमची खात्री होईस्तोवर मी निवृत्त होईन."

तिने मधाऐवजी नुसतं शुद्ध पाणी सोडलं. पाहुणा हजर. बाटल्या बदलल्या, हातमोजे बदलले, तरी हजर. मग तिने जुने आलेख पसरले. टोक नव्हतं असे चारच दिवस निघाले. हजेरीपटात पाहिलं, तर चारही दिवस साहेब रजेवर.

साहेबांना रोज यंत्रापाशी ठेवलेल्या प्रत्येक बाटलीचं झाकण उघडून वास घ्यायची खोड होती. "मध ओळखायला नाक लागतं," म्हणायचे. त्यांच्या टेबलावर हाताला लावायचं सुगंधी क्रीम असे.

"साहेब, हात फुटलेत. थोडं क्रीम देता?"

साहेबांनी उदार मनाने बोटभर दिलं. यंत्रात त्याचं टोक अकराव्या मिनिटालाच आलं, आणि आलेखाच्या छताला जाऊन भिडलं.

तिने कागद पुढे ठेवला. साहेब बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"हे कुठे लिहिलंय का?"

"वहीत. तारखेसकट."

वहीच्या पानांवर छापील क्रमांक होते, त्यामुळे पान फाडायची सोय नव्हती. पण साहेब कसलेले गडी. समितीपुढे ते चाळीस मिनिटं बोलले, 'मानवी हाताळणीतून नमुन्यांत शिरणारी अशुद्धी' या विषयावर. मानव कोण, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. टाळ्या पडल्या. छापून आलेल्या लेखात पहिलं नाव त्यांचं. खात्रीताई आभारांत, यंत्र दुरुस्त करणाऱ्याच्या खाली.

तिला वाईट वाटलं. दोन दिवस तिने वही उघडली नाही. तिसऱ्या दिवशी तिने नमुन्यांच्या खोलीला कुलूप लावलं, किल्ली स्वतःकडे ठेवली आणि पुढचे वीस नमुने तपासले. अकरावं मिनिट कोरं गेलं. तीन नमुन्यांत मात्र खरंच औषध निघालं, तेही नावाजलेल्या कंपन्यांच्या बरण्यांतून.

साहेब दाराशी आले. "नक्की ना, ताई? उगाच घाई नको."

"तीनदा तपासलंय," ती म्हणाली. "सही तेवढी करा. बाहेरूनच."